मधला ई

जाहिरात गाडीची होती. म्हणजे विकायच्या गाडीची नव्हे, फोनवर बोट टेकवलं की दारात येऊन उभी राहते त्या भाड्याच्या गाडीची. मंगळवारी सकाळी माझ्या टेबलावर आलेली ती तिसरी फाइल, तीस सेकंदांची. आधी गुडघ्याचं एक मलम आणि एक बिस्किट होऊन गेलं होतं, आणि दोन्हींत जुनीच गाणी होती. हल्ली असतातच. ज्यांनी ती गाणी ऐकून एकमेकांना चिठ्ठ्या लिहिल्या त्यांचे आता गुडघे दुखतात, हे कुणाच्या तरी बरोबर लक्षात आलेलं दिसतं. मी हेडफोन कानांवर नीट बसवले. पडद्यावर एक मुलगी, दोन बॅगा, बंद दुकानाची पायरी. ती रस्त्याच्या या टोकाला बघते, त्या टोकाला बघते. आणि गाणं लागलं. पहिल्या तीन सुरांतच ओळखीचं. माझी बोटं माझ्या आधी धावली आणि ओळ लिहून मोकळी झाली: ‘दिवे लागले घराघरांतून, कुणी मला न्यायला येईना.’ मग मी शेजारचा कागद पाहिला, जाहिरातवाल्यांनी पाठवलेला. त्यावर छापलं होतं, ‘कुणी मला न्यायला ये ना.’ छापताना चुकले, असं म्हणत मी ती ओळ परत ऐकली. कागद बरोबर होता. गाणाऱ्या बाई ‘ये ना’ म्हणत होत्या. मी पुन्हा ऐकलं, पुन्हा ऐकलं, वेग निम्म्यावर आणून ऐकलं. ‘ये’ आणि ‘ना’ यांच्यामध्ये काहीच नव्हतं. जन्मभर जिथे एक ई ऐकत आले होते तिथे नुसती गुळगुळीत जागा, पाय ठेवायला जावं आणि पायरीच नसावी तशी.

माझं काम ऐकण्याचं आहे. टीव्हीवर जे बोललं जातं, गायलं जातं, आपटतं, फुटतं, ते ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी पडद्याच्या तळाशी अक्षरांत लिहायचं. एका लांबट खोलीत आम्ही पाचजण असतो, पाचांचेही कान झाकलेले, त्यामुळे एकमेकांना हाक मारायची तर टेबलावर टकटक करावी लागते. दिवसभर आवाजांत बुडालेली ही खोली बाहेरून आलेल्याला एकदम मुकी वाटते. भिंतीवर एकच नियम चिकटवलेला आहे, मोठ्या अक्षरांत: ‘ऐकू येतं ते लिहा. माहीत आहे ते लिहू नका.’ पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं. नंतर कळलं की या धंद्यातली खरी चूक हीच एक. अनोळखी वाक्य माणूस कान देऊन ऐकतो. पाठ असलेलं गाणं कुणी ऐकतच नाही, त्याला ते माहीत असतं. आमच्या तपासनिसांना आम्ही मागून ‘स्वल्पविराम’ म्हणतो, कारण त्यांच्या हाताखालून गेलेलं वाक्य दोन-तीन ठिकाणी थबकल्याशिवाय पुढे जातच नाही. तेच हा नियम सांगत फिरतात. घराजवळ आहे म्हणून हे काम धरलं, असं मी सगळ्यांना सांगितलेलं आहे. घर तसं जवळच आहे.

घरी ताई असते. माझी थोरली बहीण, तीन वर्षांनी मोठी. तिला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. कानात घालायचं यंत्र आणून दिलं, ते डबीत ठेवते. म्हणते, त्यातून नुसती भांडीच ऐकू येतात, माणसं नाही. सकाळचं आवरलं की ती टीव्हीसमोर बसते आणि आमचं लिखाण वाचते. वाचते म्हणजे तपासतेच. संध्याकाळी मी चप्पल काढायच्या आत, ऐकू न येणाऱ्या माणसाच्या त्या मोठ्या, सपाट आवाजात सुरुवात करते. “आज ‘दार आपटतं’ लिहिलंत. दार उघडंच होतं.” किंवा, “‘दूरवर कुत्रा’ म्हणजे किती दूर? दिसला नाही तो.” पाचजणांतलं कुणी कुठलं लिहिलं हे पडद्यावर कुठेच नसतं, तरी माझं तिला बरोबर ओळखू येतं. “हे तुझं. तुला वाक्य संपवायला धीर होत नाही, टिंबं देत बसतेस.” मी हसते. तिच्याकडे तोंड करून हसते, कारण पाठमोरं हसलेलं तिला पोचत नाही. म्हणजे ही जाहिरात लागणार, तळाशी माझी ओळ उमटणार, आणि ताई ती वाचणार.

ते गाणं आमचं होतं. तसं ते सगळ्यांचंच होतं, त्या काळी रेडिओवर दिवसातून दोनदा लागायचं. पण प्रत्येक घराचा गाण्यावर आपापला हक्क असतो. आई शिवणाच्या कारखान्यात होती आणि तिची सुट्टी शाळेच्या सुट्टीनंतर दीड तासाने व्हायची. तेवढा वेळ मी आणि ताई शाळेच्या पायरीवर. मी सहा, ती नऊ. पोरं एकेक करून जायची, मग बाई जायच्या, मग फाटकाचा म्हातारा किल्ल्यांचा जुडगा वाजवत आमच्याकडे असा बघायचा की जणू आम्ही दोघी पायरीवर सांडलेलं काहीतरी आहोत. मग ताई हे गाणं म्हणायची, आणि चुकीचं म्हणायची. ‘न्यायला ये ना.’ मी तेव्हापासूनची आगाऊ. “येईना आहे ते. कुणी ये ना असं म्हणतात का?” ताई म्हणायची, “येईना म्हटलं की विषयच संपला. ये ना म्हटलं की कुणाला तरी ऐकू जातं.” आणि गंमत अशी की ऐकू जायचं. ती चारपाच वेळा म्हणायची आणि कोपऱ्यावर आईची पिशवी दिसायची, मागोमाग आई. सुट्टीची वेळ ठरलेली होती, आई येणारच होती, हे मला मोठेपणी कळलं. त्या वयात मात्र माझी खात्री होती की आईला ताईने आणलं, त्या एका अक्षराला गाळून. पुढे हे आमच्या दोघींतलं झालं. तिला आजारपणात पाणी हवं असलं, मला अंधाऱ्या जिन्यात भीती वाटली, की गाण्याची तेवढीच शेपटी, ‘ये ना’. तिसऱ्या कुणाला कळायचं नाही. आई म्हणायची, या पोरींना एवढं एकच गाणं येतं आणि तेही धड येत नाही.

हेडफोनमध्ये बाई पुन्हा म्हणाल्या, ये ना. आणि मला एकदम सुटल्यासारखं वाटलं. मान हलकी झाली, जबडा सैल पडला, खिडकीबाहेर समोरच्या इमारतीत कुणीतरी गादी वाळत टाकत होतं तेसुद्धा छान वाटलं. म्हणजे मूळ गाण्यातच ‘ये ना’ होतं तर. आपण सगळेच चुकीचं ऐकत होतो. म्हणजे ताईने तेव्हा फोनवर नुसतं गाणं म्हटलं होतं, जसं आहे तसं. त्यात काही नव्हतं. कुणी काही मागितलेलं नव्हतं. असं सगळं एका दमात मनात म्हणून झालं आणि मी तशीच थांबले, हात हवेत. कारण बत्तीस वर्षं मी स्वतःला सांगत आले होते की ताईने फोनवर ‘येईना’ म्हटलं. सगळे म्हणतात तसं. मला तर ‘येईना’च ऐकू आलं होतं, माझा काय दोष. मग आता ‘ये ना’ निघालं म्हणून मी सुटले कशी? ज्या बाईने ‘येईना’ ऐकलं होतं तिला या जाहिरातीने आनंद व्हायचं काहीच कारण नव्हतं.

ताईचं लग्न झालं त्याच संध्याकाळी मी तिची खाट घेतली. खिडकीजवळची खाट आणि खाटेला लागून टेबल. आमच्या दोन खोल्यांच्या घरात उजेड पडायचा तो तेवढ्याच तुकड्यावर. एकोणीस वर्षं मी भिंतीकडच्या बाजूला जमिनीवर निजले होते. तिच्या उशीला तिच्या तेलाचा वास होता तरी मी माझी पुस्तकं मांडली. आई म्हणाली, “दोन दिवस तरी थांबायचंस.” मी म्हटलं, “ती काय मेलीय का?” ताईचा फोन दर रविवारी अकराला यायचा. तिच्याकडे फोन बाहेरच्या खोलीत, आणि फोनजवळच तिच्या सासूबाई काहीतरी निवडत, सोलत बसलेल्या. मला ते सोलणं ऐकू यायचं, टच, टच. भावजी तेव्हा बाहेर सगळ्यांना हवेहवेसे, मिठ्ठास बोलणारे. आमच्याकडे आले की बाबांच्या पाया पडून मगच बसायचे. पाचव्या की सहाव्या महिन्यातला रविवार. बाबा शेजारी खुर्चीत पेपर वाचत होते. ताईने हवा विचारली, माझी परीक्षा विचारली, आईचा खोकला विचारला. मग म्हणाली, “आपलं ते गाणं आठवतं का गं?” मी म्हटलं, “कुठलं?” “पायरीवरचं.” आणि तिने ती एक ओळ म्हटली. हसतमुखाने म्हटली, खोलीतल्या लोकांसाठी चेहरा हसरा ठेवला की आवाज कसा होतो ते आता मला कामामुळे कळतं. आम्ही तसं कंसात लिहितोही. शेवटचा शब्द तिने ओढला नाही. तोडला. ये. ना. मग विचारलं, “ऐकलंस ना नीट?”

मला खिडकीतून टेबलावर पडलेला उजेड दिसत होता. वही उघडी होती, पेन वहीत. ताई आली की कुठे निजणार हे माझ्या डोक्यात आलं, आणि ते आधी आलं. बाकी सगळं त्याच्या मागून. मी म्हटलं, “ऐकलं गं. आवाज अजून चांगला आहे तुझा.”

तिकडचं टच टच थांबलं होतं. ताई म्हणाली, “बरं. ठेवते.”

बाबांनी पेपरच्या आडून विचारलं, “काय म्हणते?” मी म्हटलं, “मजेत आहे. गाणं म्हणत होती.” बाबांना ते फार आवडलं. “गाणं म्हणतेय म्हणजे बरं चाललंय,” म्हणाले, आणि ते वाक्य आमच्या घरात मुक्कामालाच आलं. कुणीही ताईची चौकशी केली की आई सांगायची, गाणी म्हणत असते. तीन महिन्यांनी ताई न्हाणीघरात पडली. उजव्या कानावर. कानाच्या डॉक्टरने विचारलं, कुणी मारलं का. ती म्हणाली, पडले. आई आणि मी शेजारीच उभ्या होतो, आम्हीही पडलीच म्हटलं. पुढे डावा कानही हळूहळू गेला. ताई त्याबद्दल म्हणते, एकटा बिचारा किती दिवस ओढणार. भावजी गेले आणि मग मी तिला न्यायला गेले. भाड्याची गाडी करून गेले, सव्वीस वर्षं उशिरा. तिच्याही दोनच बॅगा होत्या. गाडीत बसल्यावर ती एवढंच म्हणाली, “खिडकी माझ्याकडे दे.” मी दिली. तेव्हापासून ती माझ्याकडे आहे आणि आम्ही दोघी सगळ्याविषयी बोलतो. दुधाविषयी, गुडघ्यांविषयी, मालिकांतल्या सुनांच्या मूर्खपणाविषयी.

शंका आली तर जाहिरातवाल्यांना विचारायचं, अशी आमच्याकडे पद्धत आहे. मी फोन लावला. पलीकडे एक तरतरीत मुलगी, तिच्या मागे कुणीतरी खिदळत होतं. मी म्हटलं, “ते गाण्यात ‘ये ना’ आहे, ते मूळचंच का? इतकी वर्षं आम्ही येईना ऐकत होतो.” मी हे इतक्या आर्जवाने विचारलं की मलाच लाज वाटली.

“मूळचं येईनाच आहे, मॅम,” ती खुशीत म्हणाली. “ई आम्ही काढला.”

“काढला?”

“कापला. दोन दशांश सेकंद पण नाही तो. आमच्या साउंडवाल्याने असा उचलून घेतला ना, कुणाला कळतसुद्धा नाही. तुम्हाला कळलं?”

“नाही,” मी म्हटलं.

“बघा ना. काय झालं, कंपनी म्हणाली, गाणं मस्त आहे पण येईना चालणार नाही. आमची गाडी पाच मिनिटांत येते, आणि बाई येईना येईना करत बसल्यात. निगेटिव्ह वाटतं. मग मीच सुचवलं, ई काढून टाकू.”

“आणि गाणाऱ्या बाई?”

“त्या नाहीत आता. हक्क कंपनीकडे आहेत, तसा काही प्रॉब्लेम नाही.” मग जरा थांबून, काळजीने, “तुम्ही येईना नाही ना लिहिणार खाली? सगळी मजाच जाईल.”

मी नाही म्हटलं आणि फोन ठेवला. समोरची गादी कुणीतरी उलटी केली होती. चाळीस मिनिटांपूर्वी मला जी सुटका मिळाली होती ती कुणाच्या तरी साउंडवाल्याने कात्रीने बनवलेली होती, आणि हा माणूस काय, मी काय, काम एकच. मी तर कात्रीही न लावता केलं होतं. त्याने ई काढला, मी घातला. ताईच्या तोंडी मी तो ई घातला त्याच रविवारी दुपारी, जेवताना, आणि रोज थोडा थोडा दाबून बसवत गेले, तो इतका पक्का बसला की माझ्याच कानांना तो मूळचा वाटू लागला. फरक एवढाच की त्या मुलीला आपण काय केलं ते ठाऊक होतं आणि तिने ते विचारल्याबरोबर सांगितलं.

स्वल्पविराम मागे येऊन उभे होते. त्यांनी टेबलावर टकटक केली. मी एक कान मोकळा केला. त्यांचं बोट जाहिरातवाल्यांच्या कागदावर होतं. “हे काय, ‘ये ना’? गाण्यात ‘येईना’ आहे. पोराटोरांना ठाऊक आहे.”

“कापलाय त्यांनी ई. ऐका.”

त्यांनी ऐकलं, भुवया वर करून, दोनदा. “खरंच की. लबाड आहेत. पण आपण मूळचंच ठेवू. उगाच पत्रं येतात, तुम्हाला गाणी येत नाहीत म्हणून. वाचणाऱ्यांना काय कळणार आहे मधलं काय गेलं ते? त्यांना कुठे ऐकू येतंय.” आणि जाता जाता, “घराघरांतून नंतर स्वल्पविराम आहे ना? छान.”

एवढं सोपं होतं. मूळचं ठेवायचं. सगळ्यांना माहीत असलेलं, पत्रं न येणारं, खरं गाणं. ताई वाचेल, म्हणेल, जुनं गाणं लावलंय, आणि पुढच्या ओळीवर जाईल. बत्तीस वर्षं ज्यावर मी बसून होते त्याच्यावरच आणखी बसून राहायचं. माझ्या बोटांनी लिहिलेलं ‘येईना’ अजून पडद्यावर होतंच, काही करायचीसुद्धा गरज नव्हती, नुसतं पुढच्या फाइलीवर जायचं होतं. मी म्हटलं, “ऐकू येतं ते लिहायचं ना?” ते दारातून वळले. “आज काय झालंय तुम्हाला, बाई?” भिंतीवरचा कागद त्यांच्या डोक्याच्या बरोबर वर होता. त्यांनी तो पाहिला नाही, पण मी बघतेय हे पाहिलं, आणि खांदे उडवून गेले. मी ई खोडला. मग सवयीने टिंबं दिली आणि तीही खोडली.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी चप्पल हळू काढत होते. बुधवारी ताई मलमाच्या जाहिरातीबद्दल बोलली. गुरुवारी काहीच बोलली नाही, तिचं डोकं दुखत होतं. मला वाटू लागलं, ती उठून पाणी प्यायला गेली असेल तेव्हाच लागून गेली. असंही होतं. माणूस एवढं लिहितो आणि नेमकं त्या वेळी कुणीतरी पाणी प्यायला जातं.

रविवारी लागली. अकराच्या पुढे दहाएक मिनिटं झाली होती. आदल्या आठवड्याची मालिका पुन्हा दाखवत होते, ताई सोफ्यावर कपड्यांच्या घड्या करत होती आणि मी शेजारी बसून तिला एकेक कपडा देत होते. मुलगी, दोन बॅगा, पायरी. आवाज चालू होता. एरवीही असतो, माझ्यासाठी. बाई गायल्या. तळाशी अक्षरं आली. मी पडद्याकडे पाहिलंच नाही, ताईकडे पाहत होते. तिचे डोळे डावीकडून उजवीकडे गेले आणि शेवटच्या शब्दावर थांबले. अक्षरं गेली तरी ती तिथेच बघत राहिली, त्या जागी आता गाडीचं चाक होतं.

“हे तुझं,” ती म्हणाली.

मी मान हलवली.

“गाण्यात येईना आहे.”

मी तिच्याकडे पुरती वळले, ओठ नीट दिसतील अशी. “मला ये ना ऐकू आलं.”

ताई माझ्या ओठांकडे बघत होती. हातातली उशीची खोळ तिने मांडीवर पसरली, चारी कोपरे जुळवले, पुन्हा सोडले.

“कधी?” तिने विचारलं.

या जाहिरातीत, असं म्हणता आलं असतं. तेही खरंच होतं.

“तेव्हाच,” मी म्हटलं. मला माझाच आवाज आला नाही, पण तिला आवाज लागत नाही.

ताईने खोळीची घडी केली. एकदा, दोनदा, हाताने दाबून. मग आपल्या त्या मोठ्या सपाट आवाजात, शेजारपाजारच्यांनाही ऐकू जाईल असं म्हणाली, “माहीत आहे. नुसतं गाणं ऐकलं असतंस तर म्हणाली असतीस, चुकलीस, येईना आहे. पायरीवर एकदाही सोडलं नाहीस. त्या दिवशी तेवढी आवाजाचं कौतुक करत बसलीस.”

मी टॉवेल हातात धरून बसले होते. तिने तो माझ्या हातातून घेतला. पडद्यावर मुलगी गाडीत बसली, दार लागलं, गाणं अजून चालूच होतं. ताईने रिमोट उचलला आणि आवाज बंद केला. घरात तो फक्त मलाच ऐकू येत होता.